मिसेस लँग कुठे नोंदवायच्या?

अँड्र्यू लँगचे रंगांच्या नावांचे बारा परीकथासंग्रह, १८८९चा निळा ते १९१०चा लायलॅक (फिकट जांभळा), एका दिवसात ग्रंथालयाच्या तालिकेत दुरुस्त करायला घेतले. तालिकेतली प्रत्येक नोंद 'मार्क' या संगणकीय साच्यात असते, आणि तिच्यातल्या प्रत्येक क्षेत्राला क्रमांक असतो. जुन्या नोंदींत सगळीकडे १०० या क्षेत्रात लँग, म्हणजे लेखक. पुस्तकाच्या पाठीवर त्याचंच नाव ठळक असतं, त्यामुळे ही चूक सहज होते. शीर्षकपानावर मात्र स्पष्ट 'संपादक' आहे. अनेकांच्या कथांचं संकलन असलं की मुख्य नोंद लेखकाऐवजी शीर्षकाखाली जाते. १०० काढायचं, २४५ या शीर्षकाच्या क्षेत्राचा पहिला दर्शक (क्षेत्राच्या सुरुवातीचा खुणेचा अंक) ० करायचा आणि संपादकाला ७००मध्ये, म्हणजे जोड-नावांच्या क्षेत्रात, घ्यायचं.

खरा वेळ गेला तो भूमिका वाचण्यात. निळ्या पुस्तकाच्या आरंभीच कामाची वाटणी दिली आहे: फ्रेंच परीकथालेखिका मादाम दोल्नुआच्या कथा मुख्यतः मिनी राइट यांनी अनुवादित केल्या, ग्रिमच्या मे सेलर यांनी, 'गलिव्हर' मे केंडल यांनी आटोपशीर केला. लँगने स्वतः केलेली कथा पर्सियसची, ग्रीक आधारांवरून. लायलॅकच्या भूमिकेत तर तो सरळ कबूल करतो, की ही पुस्तकं जवळपास सगळी मिसेस लँगचं, म्हणजे त्याच्या पत्नीचं, काम आहेत. फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, इटालियन, स्पॅनिश, कॅटलान अशा भाषांतून अनुवाद तिचे. कथा कुठे आहेत ते शोधणं आणि देखरेख त्याची.

इतकं छापील असताना अनुवादकाची जागा रिकामी ठेवणं मला चूकच वाटतं. पण 'मिसेस लँग' एवढ्यावर शीर्षनाम, म्हणजे तालिकेत शोधायचं ठरावीक नाव, बनत नाही. तिचं नाव लिओनोरा ब्लांश लँग, माहेरची ॲलेन. हे अधिकृत नाव ७००मध्ये घेतलं, आणि 'लँग, मिसेस अँड्र्यू' यावरून त्याकडे 'पाहा' संदर्भ दिला. १९०८चं राजपुत्र-राजकन्यांचं पुस्तक तर तिच्याच लेखणीचं. तिथे १००मध्ये ती, ७००मध्ये तो. परीकथांत मात्र ज्या खंडाची भूमिका तिचं नाव घेते, त्याच खंडाला ती जोडली. लायलॅकमधलं विधान सगळ्या मालिकेबद्दलचं आहे, म्हणून बाकीच्यांत ते ५०० या क्षेत्रातली सर्वसाधारण टीप म्हणून दिलं.

डोव्हर या प्रकाशनसंस्थेच्या पुनर्मुद्रणांत जुन्या भूमिका जशाच्या तशा असतात; घाईत प्रकाशनवर्ष म्हणून मूळ आवृत्तीचं १८९२ किंवा १८९४ टिपलं जातं. शीर्षकपानाची मागची बाजू पाहिली की पुनर्मुद्रणाचं १९६०च्या दशकातलं साल सापडतं.

चित्रकारांतही गफलत होती. हेन्री फोर्ड बाराही खंडांत आहे, पण निळ्यात त्याच्या जोडीला जेकम-हूड आणि लालमध्ये लान्सलॉट स्पीड. दोघांनाही नोंदीत जागा नव्हती.