जाळीबंद ग्रिल किचन : हूड लागला, आता हवेचं काम

मंडळी, मागच्या अंगणातल्या ग्रिल किचनचा पुढचा अपडेट. धूर ओढणारा हूड टांगून झाला, त्याचा डक्ट म्हणजे धुराचा पाइप पत्र्यातून वर गेला आणि या रविवारी कोळसा भरून सगळं पूर्ण तापवून बघितलं. धूर आता डोळ्यात जात नाही. पण मला खरं बोलायचंय ते आत येणाऱ्या हवेबद्दल, कारण फॅन किती ताकदीचा घेतला हे सगळे विचारतात आणि तेवढी हवा आत कुठून येणार हे कोणी विचारतच नाही.

चारी बाजूंनी जाळी आहे म्हणजे उघडंच आहे असं वाटतं. पण डासांच्या नव्या जाळीतसुद्धा साधारण दोन तृतीयांशच जागा मोकळी असते, त्यावर धूळ आणि ग्रिलचा तेलकटपणा बसला की अजून कमी, आणि साताऱ्यात पावसाळ्यात यवतेश्वरकडून झोडपणारा पाऊस येतो म्हणून ती बाजू आम्ही ताडपत्रीने बंदच करतो. म्हणजे जून ते सप्टेंबर ही बंद खोलीच धरायची, आणि बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. धूर थांबून निखारे लाल झाले की आपण निर्धास्त होतो, पण तेव्हाही तो निघतच असतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी सगळ्यांनी बाहेर यायचं, जेवण गेलं खड्ड्यात. वजनाला तो जवळपास हवेइतकाच, त्यामुळे डिटेक्टर मी बसायच्या बाजूला तोंडाच्या उंचीवर लावलाय.

आता आकडे. ग्रिल 3 बाय 2 फूट, हूड 4 बाय अडीच, म्हणजे सगळ्या बाजूंनी थोडा बाहेर, आणि भाजायच्या जाळीपासून 36 इंच वर. हूडचं तोंड 10 चौरस फूट, तिथे मिनिटाला 100 फूट वेग धरला तर 1000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 1000 घनफूट हवा ओढावी लागते. हेच 8 इंची पाइपातून न्यायचं म्हटलं तर वेग 2800 च्या वर जातो आणि नुसता घोंघाट होतो, म्हणून 12 इंची घेतला, तिथे 1300 च्या आतच राहतो. पाइप स्टीलचा आणि सरळ वर, एकही एल्बो (वळणाचा जोड) नाही. तो फॉइलचा लवचीक पाइप कोळशावर अजिबात नको, ठिणगी आणि चरबी दोन्ही वर जातात. त्याच कारणाने फिल्टर बॅफलचा, म्हणजे वाकवलेल्या धातूच्या पट्ट्यांचा लावला.

हवेसाठी पूर्वेच्या भिंतीत खाली, ग्रिलच्या समोरच्या बाजूला लूव्हर (तिरप्या पट्ट्यांचे झरोके) काढलेत. 1000 सीएफएम मिनिटाला 250 फूट अशा सावकाश वेगाने आत यायला 4 चौरस फूट मोकळी जागा लागते, वर जाळी आली म्हणून 6 ठेवली. ग्रिलच्या अगदी शेजारी काढले असते तर झोत निखाऱ्यावर आला असता, राख उडाली असती आणि आच हातात राहिली नसती.

पेटवल्यावर उदबत्ती घेऊन हूडच्या कडेकडेने फिरवली. लूव्हर झाकले की पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत धूर बाहेर वळतो, उघडले की सरळ आत जातो. फॅन तोच, स्पीड तोच! हे बघून फार बरं वाटलं.

भाजायला आधी कृष्णाकाठची वांगी ठेवली, पण वांग्याने काही कळत नाही, त्यात चरबीच नाही. खरी परीक्षा तंगड्यांची, चरबी निखाऱ्यावर टपकली की जो ढग उठतो तो हूडने घेतला पाहिजे. घेतला, फक्त झाकण एकदम उघडलं की थोडा पुढे येतो, तेव्हा आधी बोटभर उघडून थांबायचं.

राहिलेलं काम म्हणजे पावसाआधी डक्टवर टोपी बसवायची आणि ग्रिलजवळची फायबरची जाळी काढून स्टीलची लावायची, ठिणगीने फायबरला भोकं पडतात. शिवाय मोटर धुराच्या वाटेबाहेर राहील असा बेल्टवाला ब्लोअर बघतोय. सांगली-कराडकडे कोणी बसवला असेल तर आवाज कितपत येतो आणि बेल्ट किती टिकतो तेवढं सांगा.