मुंगीसिंहाचे फोटो: आधी कोन, मग भिंग

गोठ्याच्या वळचणीला, देवळाच्या ओवरीत, जिथे पाऊस पोचत नाही अशा भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खळगे असतात. तळाशी मुंगीसिंह नावाच्या पंखवाल्या किड्याची अळी दबा धरून बसलेली असते. या खळग्याचे फोटो बहुतेकदा सपाट येतात, मातीवर डाग पडल्यासारखे. दोष लेन्सचा नसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश किंवा रिंग फ्लॅश (लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश) वरून सरळ उजेड टाकतो आणि उतारावरची सावलीच पुसून टाकतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा आणि एका बाजूने, जमिनीशी साधारण ३० अंशांत धरा. फ्लॅशच्या समोरच्या बाजूला पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद उभा केला की काळोखी बाजू थोडी उजळते. मात्र फ्लॅश फार खाली नेऊ नका. उजेडाचा कोन खळग्याच्या उतारापेक्षा कमी झाला की तळ सावलीत बुडतो आणि जबडे दिसेनासे होतात. म्हणून खळग्याचा आकार हवा तेव्हा फ्लॅश खाली, जबडे हवेत तेव्हा ४५-५० अंशांवर.

गवताच्या काडीने उतारावरचे दोन-चार कण ढकलले की अळी डोक्याने माती उडवते. ही माती थेट लेन्सवर येते, फोकसच्या रिंगमध्ये शिरते. त्यासाठी ६० पेक्षा ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं चित्र देणारी) बरी, किड्यापासून अंतर जास्त मिळतं. पुढे साधा फिल्टर लावाच.

अख्खी अळी टिपायची असेल तर ती चमच्याने मातीसकट उचला आणि उथळ बशीत ठेवा. बशीत मातीचा थर २-३ मिलिमीटरच हवा, कारण जास्त असला तर अळी मागे सरकत क्षणात गडप होते. हाताळल्यावर ती थोडा वेळ मेल्यासारखी निपचित पडते. फोकस स्टॅकिंगसाठी, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो जोडून एक करण्यासाठी, हाच वेळ आपला. काम झालं की तिला त्याच खळग्यापाशी सोडा.

आता आकडे. फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, छिद्र एफ/११ ठेवलं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) तर जेमतेम सव्वा मिलिमीटर खोली स्पष्ट येते. २:१ ला एफ/८ वर ती एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास उरते. छिद्र आणखी लहान करून फायदा नाही: १:१ ला एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२, आणि सगळंच चित्र मऊ पडतं. फ्लॅश १/१६ किंवा १/३२ पॉवरवर ठेवा. त्याचा झोत इतका क्षणिक असतो की हाताचा कंप गोठून जातो.

प्रौढ मुंगीसिंह पाहून बरेच जण त्याला टाचणी समजतात. मिशा पाहा. टाचणीच्या मिशा केसासारख्या बारीक, मुंगीसिंहाच्या जाडसर, टोकाला फुगीर. तो रात्री उडतो, तेही लडबडत, आणि सुकलेल्या काडीवर पंख छपरासारखे मिटून बसतो. दिव्यामागचा पांढरा पडदा त्याला खेचतो, पण पडद्यावरचा फोटो निर्जीव दिसतो. पडद्याच्या आसपासचं गवत हेडलँपने शोधा.

पंख मिटलेले असताना कॅमेऱ्याचा सेन्सर पंखाच्या पातळीला समांतर आणणं हेच खरं काम. कोन थोडा चुकला की टोकाकडच्या शिरा धूसर होतात. अख्खा किडा बसवायला साधारण १:२ पुरतं. पाठीमागे काळोख सोडला तर पारदर्शक पंखांची कड हरवते. २०-३० सेंटीमीटर मागे एखादं पान येईल असं उभं राहा. पंखावर पांढरा चट्टा आला तर फ्लॅश किंचित बाजूला सरकवा. पॉवर कमी करून तो जात नाही.

मुंगीसिंहाचा नातलग आउलफ्लाय दिवसा डहाळीवर पोट वर उचलून, मोडक्या काटकीसारखा बसतो. लांब मिशा डहाळीला चिकटवलेल्या असतात, त्यामुळे चौकट ठरवताना त्या कापल्या जातात. अनेक जातींत डोळा आडव्या खाचेने दुभागलेला असतो. फोकस त्या खाचेवर धरा. दुसरा नातलग मँटिसफ्लाय, त्याचे पुढचे पाय प्रार्थना कीटकासारखे दुमडलेले असतात. बरोब्बर बाजूने घेतलात तर ते एकमेकांवर चढतात, म्हणून समोरून तिरका कोन घ्या.

स्टॅक करताना बहुतेक वेळा मिशा हलतात आणि जोडलेल्या चित्रात चार दिसतात. सॉफ्टवेअरशी झगडू नका, मिशा एकाच फ्रेममधून घेऊन वर रंगवा. नुकताच कोशातून निघून काडीवर चढलेला किडा मात्र पंख पूर्ण ताणले जाईपर्यंत हलवू नका. तेव्हा धक्का लागला तर पंख चुरगळलेलेच वाळतात.