"साल सांगा, मग नोंद शोधतो"

घराण्याच्या जुन्या कागदांचं दप्तर हाती आलं की गाठ सोडण्याआधी फोटो काढा. मी काढले नाहीत. काकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेतले तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एका दुपारी सोडले आणि माणसांच्या नावांनी ढीग लावले. बाभळीच्या काट्याने एकत्र टोचलेले कागदसुद्धा सुटे केले. कुठला कागद कुणासोबत होता हाच मोठा पुरावा होता, तो माझ्याच हातून गेला. त्याची हळहळ अजून जात नाही.

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. त्यामुळे खापरपणजोबा आणि आजोबा यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एकच. कर्जरोखा कोणाचा, सारापावती कोणाची, काही कळेना.

खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली की दोघे वेगळे होतील, म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 च्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरच्या, नकलेसाठी अर्ज दिला. "साल सांगा." अहो, साल शोधायलाच तर आलोय! अंदाजे 1925 ते 1940 असं लिहिलं, तर अर्ज परत. "एकच साल लिहा." 1928 लिहिलं. पंधरा दिवसांनी शेरा आला, 'नोंद आढळून येत नाही'. मग 1929 साठी नवा अर्ज, नवा कोर्ट फी स्टॅम्प, पुन्हा पंधरा दिवस. असे चार अर्ज झाले. रजिस्टरं समोरच्या रॅकवर लाल कापडात बांधलेली मला दिसत होती. म्हटलं, पानं तुम्ही उलटा, मी नुसतं वाचतो. "साहेब रजेवर आहेत." आधी फेरफार काढा, एवढे तीन शब्द कुणी सांगितले असते तर माझे चार महिने वाचले असते. (फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद.) आजही त्या इमारतीवरून गेलो की डोकं तापतं.

वाट दाखवली ती ट्रंकेतल्याच एका जुन्या सातबाऱ्याने. नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. त्याचा उतारा, म्हणजे नमुना 6, काढला. त्यात मयताची तारीख होती, साल 1931, आणि वारसांमध्ये विधवा बायकोचं नाव. पुरुषांची नावं एक असली तरी बायकांची वेगळी होती! खापरपणजीच्या नावाने दोघे सुटे झाले. नमुना 14 ची नक्कल पुढच्याच आठवड्यात मिळाली. पायऱ्यांवर उभं राहून तीनदा वाचली.

मग सगळे ढीग मोडले. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने क्रमांक घातला, वहीत तारीख आणि तो कुठून आला ते लिहिलं. माणसाचं नाव शेवटच्या रकान्यात, तेही खात्री झाल्यावरच. कागदावर इसवी सनाऐवजी शक असेल तर 78 मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर 590. वर्षाच्या टोकाला एखादं साल इकडेतिकडे होतं, तेवढी जागा ठेवा. जुन्या कागदातला सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर सापडला नाही तर घाबरू नका, जमिनींच्या एकत्रीकरणात त्याचा गट नंबर झालेला असतो.

त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवतात, त्यांची वही पाहायला जाल तेव्हा घरातल्या बायकांची नावंही विचारा. आणि कागदांना सेलोटेप लावू नका. आमच्या एका वाटणीपत्रावर कुणीतरी लावली होती, तिच्याखालची मोडी आता कुणालाच वाचता येत नाही.