नवा मसाला आणि डंक्यावरची रांग: माझा अनुभव

जुन्या काळ्या मसाल्याची फसवणूक अशी, की त्याचा तिखटपणा बराच काळ टिकतो. उडून जातात ती धने, शहाजिरे, लवंग, दगडफूल यांतली सुगंधी तेले. खोबरे तर हवा लागून खवट होते. भाजीला वास येईना म्हणून कोणी आणखी चमचाभर मसाला टाकला, की ती नुसती जहाल आणि कडवट होते. आमच्याकडे पाहुण्यांच्या पानातली शेवभाजी अशीच बिघडली, तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी येण्याआधी नवा मसाला झालाच पाहिजे, असे सासूबाईंनी बजावले.

नंदुरबारच्या मिरच्या, धने, खोबरे आणणे, निवडणे आणि भाजणे विनातक्रार पार पडले. घोडे अडले ते डंक्यावर, म्हणजे विजेवर मसाला कुटून देतात त्या ठिकाणी.

उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचा मसाला तिथेच येतो. नंबर लिहायला वही आहे, परंतु वहीतला क्रम आणि प्रत्यक्ष क्रम यांचा काही संबंध नाही. ओळखीच्या माणसाचा डबा मागून येऊन पुढे जातो. वजन करण्यासाठी माझा घट्ट झाकलेला डबा उघडायला लावून भाजलेले जिन्नस घमेल्यात ओतले गेले आणि तेवढ्यात वीज गेली. भाजलेला मसाला उघडा राहिला की सर्दावतो, वासही सोडतो, हे मी सांगितले, तर मालक म्हणाले, "ताई, इथं सगळ्यांचा असाच राहतो." वीज आली तेव्हा माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याचा थर उखळाच्या कडांना चिकटलेला होता आणि त्यातल्या खोबऱ्याचा खवट वास मला उभ्या जागी येत होता. तो थर माझ्या वर्षभराच्या मसाल्यात मिसळू देणे मला मान्य नव्हते. आधी माझ्याच मूठभर मिरच्या कुटून टाकून द्या, असे म्हणून मी घमेले हातातून सोडलेच नाही. मागच्या बायका कुरकुरल्या, मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण शेवटी उखळ साफ झाले. त्या हट्टाचा मला आजही अभिमान वाटतो.

कुटलेला मसाला गरम असतो. तो परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच बरणीत दाबून भरावा आणि वर हिंगाचे खडे ठेवावेत. रोजच्या वापराचा मसाला लहान डब्यात काढावा, आणि तो डबा वाफाळत्या कढईवर धरू नये. खरे तर हे आधी सांगायला हवे होते: धने घेताना तळहातावर चोळून वास घ्यावा, बारीक भोके दिसल्यास परत करावेत, आणि खोबऱ्याचा तुकडा दुकानातच चावून पाहावा. साबूत जिन्नस कुटलेल्यापेक्षा जास्त टिकतात, म्हणून यंदा निम्मेच कुटून आणले आहेत. उरलेले दिवाळीनंतर कुटायचे, म्हणजे पुन्हा त्याच डंक्यावर जाणे आले; फक्त तेव्हा तिथे गर्दी नसते.