घाट, पठार, उतार : इंजिन तापतच नव्हतं तेव्हा

हिवाळ्यात गाडी घेऊन घाट ओलांडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. इंजिन तापलं की माणूस लगेच गाडी बाजूला घेतो, पण ते गार राहिलं तर कुणाचं लक्षच जात नाही. गाडी चालत राहते, फक्त हीटर नीट लागत नाही, आणि 'थंडीच तेवढी आहे' म्हणून विषय संपतो. आमचाही तिथेच संपला असता, पण रस्ताच असा होता की त्याने दुखणं उघडं पाडलं.

आधी लांब सपाट महामार्ग, मग घाटाचा चढ, वर बोचऱ्या वाऱ्याचं पठार आणि पलीकडे तितकाच लांब उतार. परत यायचं ते याच वाटेने. गाडी पेट्रोलची, साध्या गिअरची, जुनी पण नीट राखलेली. अंधार असतानाच निघालो, बाहेर ३ अंश होते. अर्धा तास सलग वेगात चालल्यावरही ब्लोअरमधून कोमट हवाच येत होती आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा खालच्या रेघेच्या जरासाच वर होता. काच आतून धुरकटायला लागली तशी मी गाडी बाजूला घेतली. हीटर म्हणजे नुसती ऊब नव्हे. काच साफ ठेवणारी हवाही तिथूनच येते, आणि अंधारात धुरकट काचेमागे बसून घाट चढू नये.

पुढचं सगळं निदान आकड्यांवर झालं, काट्यावर नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर रोखलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरून त्याची उष्णता वाहून नेणारं द्रव, साधारण ७५ ते १०५ अंशांच्या मधे कुठेही असलं तरी तो हलत नाही, आणि काही गाड्यांत तर काटाच नसतो, नुसता निळा दिवा असतो. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ओबीडी स्कॅनर जवळ ठेवा. छोटीशी वस्तू आहे, मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशात दाखवते. मात्र चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. आमच्यात ते काम धाकट्या बहिणीकडे होतं. ती आकडा वाचायची, आणि वेग किती, चढ की उतार, हीटर चालू की बंद, हेही शेजारी वहीत लिहायची. त्या वहीनेच निकाल लावला.

महामार्गावर ताशी ९० च्या वेगात ६७ अंश. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्यांची रांग लागली होती, तिथे मुंगीच्या पावलांनी सरकताना आकडा चढत चढत ८४ वर गेला आणि हीटर पहिल्यांदा खरोखर गरम झाला. रांग सुटून वेग घेतला आणि काही मिनिटांतच बहीण म्हणाली, "दादा, परत सत्तरच्या खाली." घाटाच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन राबत होतं, तेव्हा ८६. पठारावर वाऱ्यात ६५. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की खाली खाली जात ५८.

या चढउताराचा अर्थ लागतो तो थर्मोस्टॅटवरून. इंजिन गार असताना ही झडप बंद राहते. कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरतं, रेडिएटरकडे, म्हणजे कूलंट वाऱ्यावर गार करणाऱ्या पुढच्या जाळीकडे, जात नाही. झडपेच्या आतलं मेण ठरलेल्या तापमानाला वितळून फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. हे तापमान बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी असतं. झडप उघडीच अडकली, तर पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून जातं, आणि समोरून थंड वारा लागला की रेडिएटर आपलं काम चोख करतो. म्हणून वेगात गार, रांगेत गरम. पंखा कायम फिरत राहण्याचा दोष असता तर उलटं दिसलं असतं. वेगात वारा असतोच, पंख्याने फार फरक पडत नाही. पण रांगेत उभं असताना आकडा वर गेलाच नसता, आणि गार इंजिन चालू करताच पंख्याची घरघर ऐकू आली असती.

उतारावरच्या आकड्याने मात्र फसू नका. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल जवळपास तोडतात. उष्णता तयारच होत नाही आणि हीटर उरलीसुरली काढून घेतो. लहान इंजिनात, आणि डिझेलमध्ये तर जास्तच, चांगला थर्मोस्टॅट असूनही लांब उतारावर तापमान उतरतं. त्यावरून कुणाला दोषी धरू नये. खरी परीक्षा सपाटीवर होते: एकसारखा वेग धरा आणि हीटरचा ब्लोअर पूर्ण बंद करा. झडप बंद होत असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही, आकडा चढून ठरल्या जागी येतो. आम्ही पठारावर बराच वेळ कुडकुडत हे केलं. ६५ चा ६८ झाला आणि तिथेच थांबला. म्हणजे उष्णता रेडिएटरमधूनच जात होती.

मुक्कामाच्या गावी गॅरेज शोधलं. तोवर चेक इंजिनचा दिवाही लागला होता, कोड पी०१२८. कूलंट अपेक्षित वेळेत थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, एवढंच तो सांगतो, कोणता भाग बिघडला ते नाही. गॅरेजमध्ये आधी तापमानाचा सेन्सर बदलायचा सल्ला मिळाला. सेन्सर खोटं बोलू शकतो हे खरं, पण ते फुकटात तपासता येतं, म्हणून मी सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. गाडी रात्रभर उभी राहिली की कूलंट आणि इंजिनात येणारी हवा दोन्ही बाहेरच्या तापमानाला येतात. सकाळी इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून दोन्ही आकडे बघायचे. आमचे १ आणि २ अंश आले. त्यातला एक आकडा भलतीकडेच असता, तर संशय सेन्सरवर गेला असता. शिवाय रांगेत आकडा वाढला तेव्हा हीटरही गरम झाला होता, म्हणजे सेन्सर खरंच सांगत होता.

त्याच वेळी, इंजिन गार असतानाच, टाकीतली कूलंटची पातळी बघून घ्या. किंबहुना सगळ्यात आधी हेच बघा. कूलंट कमी असेल तर सेन्सर हवेच्या बुडबुड्यात येतो, आकडा उड्या मारतो, आणि हीटर उभ्या गाडीत गार नि रेस दिल्यावर गरम होतो. असं असेल तर गळती शोधायची, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

मग इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपावर हात ठेवला. मफलर आणि बाह्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, पंखा कधीही फिरायला लागतो. झडप बंद असती तर हा पाइप कितीतरी वेळ गारच राहिला असता आणि ती उघडल्यावर एकदम चटका बसला असता. आमचा पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, स्कॅनरवर २५ दिसत होते तेव्हापासून. काही गाड्यांत थर्मोस्टॅट कूलंट इंजिनात शिरतं त्या बाजूला, खालच्या पाइपाकडे असतो. तिथे हात खालच्या पाइपाला लावून बघायचा.

वही दाखवल्यावर मेकॅनिकने मान डोलावली आणि थर्मोस्टॅट काढला. मी तो दिव्यासमोर धरला. गार असताना झडपेची चकती कड्याला घट्ट टेकलेली हवी, एक किरणही पलीकडे दिसायला नको. इथे एका बाजूने चंद्रकोरीसारखी उजेडाची फट दिसत होती आणि कडेला तपकिरी पापुद्रा अडकलेला होता. शंका उरली असेल तर पाण्याच्या भांड्यात तो दोऱ्याने तरंगता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि पाणी तापवत थर्मामीटर धरायचा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे.

नवा थर्मोस्टॅट त्याच अंशाचा घ्या. थंडी आहे म्हणून जास्त अंशाचा बसवू नका, आणि 'काढूनच टाका' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. सतत गार चालणाऱ्या इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल पाजत राहतो, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधलं पाणी उडून जात नाही आणि झिजेचा वेग वाढतो. डिझेलवाल्यांचा धूर गाळणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करू शकत नाही आणि चोंदतो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर तीही याचीच खूण असू शकते. पण कूलंटही घटत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग जिथे बसतो तिथलं सील, तपासून घ्या.

बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, बारीक हवेचं छिद्र असेल तर ते वर, आणि गॅस्केट नवं. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा नीट काढावी लागते. बर्फाळ भागात जाणार असाल तर कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं ठेवा, ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं कूलंट भरणं उलट वाईट, कारण ते निम्म्या मिश्रणाच्या खूप आधी गोठतं.

वाटेत गॅरेज मिळालं नाही तर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायची युक्ती लोक सांगतात. सपाटीवर, निम्माच भाग झाकून आणि आकड्यावर नजर ठेवून ती चालेल. पण पुढे चढ असेल तर लावू नका. आमच्यापुढे चढ होता, म्हणून आम्ही लावला नाही.

परतीला त्याच पठारावर, त्याच वेगात ८८ ते ९० असा आकडा जागचा हलला नाही, हीटर चालू असतानाही. उतारावर तो ८२ पर्यंत आला आणि सपाटी लागताच भरून निघाला. कोड पुसला तरी लगेच निर्धास्त होऊ नका. ही तपासणी गाडी पूर्ण गार असताना चालू केल्यावरच होते, तेव्हा काही थंड सकाळी उलटल्यावर स्कॅनर पुन्हा लावा. आणि पहिल्या काही दिवसांत गार इंजिनावर कूलंटची पातळी बघत राहा. अडकलेली हवा निघत जाते तशी ती थोडी उतरते, तेव्हा भर घालावी लागते.