म्युझिक सर्व्हर: तिसरी डिस्क ठणठणीत, आणि आता चारांऐवजी दोनच

गाण्यांच्या सर्व्हरची तिसरी डिस्क मधूनच गायब होत होती. आता स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणारी फेरी) एकदाचा शेवटपर्यंत गेला. दुरुस्त केलेला डेटा शून्य, चारही डिस्क ऑनलाइन. 'तिसरी मेली, नवी आणा' असं सल्ला देणाऱ्यांचं बहुमत होतं, पण डिस्कला काहीही झालेलं नाही. चोर निघाला पॉवरचा स्प्लिटर. तो कसा सापडला हे नीट लिहितो, कारण हीच लक्षणं घेऊन चांगल्या डिस्क भंगारात जातात.

रचना अशी: जुना असेंबल्ड पीसी, ४ टीबीच्या चार सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या) डिस्क, दोन-दोनचे दोन मिरर (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा), झेडएफएस फाइल सिस्टिम. बूट आणि नॅव्हिड्रोम या म्युझिक सर्व्हर प्रोग्रामचा डेटाबेस एम-डॉट-टू एसएसडीवर. पॉवर सप्लायला साटाचे कनेक्टर दोनच, म्हणून पहिल्या दोन डिस्क थेट आणि तिसरी-चौथी मोलेक्सवरून (जुन्या पद्धतीचा चार पिनांचा पॉवर प्लग) निघणाऱ्या दुहेरी स्प्लिटरवर.

लक्षण असं. गाणी दिवसभर वाजवा, तक्रार नाही. स्क्रब लावला की थोड्या वेळात तिसरी डिस्क गायब. कर्नल लॉगमध्ये आधी रीड कमांड फेल, मग 'लिंक डाऊन', मग हार्ड रिसेट, आणि काही सेकंदांनी तीच डिस्क परत हजर. तोवर पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कने अधू. स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदींची) लांब चाचणी लावली तर बिनचूक पास.

पहिला संशय अर्थात डिस्कवरच. त्यासाठी बघायचे स्मार्टचे आकडे ५, १९७ आणि १९८. पाचवा म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने लटकलेले, १९८ म्हणजे दुरुस्तच न झालेले. तिन्ही शून्य. दुसरा संशय डेटा केबलवर. त्याचा आकडा १९९, सीआरसी एरर. हा आकडा केबल बदलली तरी कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे तो किती आहे याला अर्थ नाही, वाढतोय का ते पाहायचं. आज लिहून ठेवायचा, स्क्रबनंतर पुन्हा पाहायचा. इथे जागचा हलला नाही, म्हणजे केबल निर्दोष.

तिसरा संशय एसएमआरचा. त्या डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सलग मोठं लेखन आलं की डिस्क दम खाते आणि झेडएफएस तिला मेलेली समजतं. मिररची डिस्क बदलून रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) लावला की हे दिसू शकतं. पण स्क्रब हे मुख्यतः वाचन, आणि या डिस्क सीएमआर. मॉडेल नंबर तरी पुन्हा तपासला, कारण नावावर भरवसा ठेवण्याचे दिवस २०२० मध्येच संपले. डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स मॉडेलांत एसएमआर असल्याचं तेव्हा उघड झालं आणि नंतर सीएमआरवाल्या 'रेड प्लस' म्हणून वेगळ्या काढल्या गेल्या. त्यातही मेख आहे: ८ टीबीची ईएफएएक्स सीएमआरच होती. म्हणून नुसती शेवटची अक्षरं बघू नका, पूर्ण नंबर उत्पादकाच्या तक्त्यात शोधा. एचडीपार्म या कमांडने फिरत्या डिस्कला 'ट्रिम' (रिकामी जागा कळवून घेण्याची सोय) येतं असं दाखवलं तर ती एसएमआर समजा; पण दाखवलं नाही म्हणजे सीएमआर, असं उलटं धरू नका. सीगेटच्या ४ टीबी बाराकुडा, एसटी ४०००डीएम००४, एसएमआर आहेत. आयर्नवुल्फ सीएमआर.

चौथा संशय टाइमआउटचा. लिनक्स कमांडला ३० सेकंद थांबतं. डेस्कटॉपची डिस्क एखाद्या खराब सेक्टरशी त्याहून जास्त वेळ झटत बसली तर कर्नल लिंकच रिसेट करतो. एनएएसच्या (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी बनवलेल्या) डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात आणि ती जागा मिररच्या दुसऱ्या डिस्कवरून भरली जाते. स्मार्टसीटीएल कमांडमध्ये एससीटी-ईआरसी (हीच वेळमर्यादा) वाचून आणि लिहून ७० ठेवता येतं. एकक दशांश सेकंद आहे, ७० म्हणजे ७ सेकंद. काही डिस्क ही नोंद लाईट गेली की विसरतात, म्हणून ती बूटच्या स्क्रिप्टमध्येच घाला. ज्या डिस्कमध्ये ही सोयच नाही, तिथे कर्नलचा टाइमआउट १८० करा. इथे ७० आधीपासून होतं. तरी डिस्क पळाली.

आणि मग दोन दुर्लक्षित आकडे: १२ आणि १९२. बारावा म्हणजे डिस्कची पॉवर किती वेळा बंद-चालू झाली. १९२ म्हणजे वीज अचानक गेल्याने हेड घाईत किती वेळा मागे घ्यावे लागले. तिसऱ्या डिस्कवर हे दोन्ही प्रत्येक गायब होण्यासोबत एकेकाने वाढत होते, आणि मशीनचा अपटाइम अखंड. मशीन चालू, बाकी डिस्क चालू, आणि या एकीचीच वीज क्षणभर जात होती! पहिल्या आणि तिसऱ्या डिस्कचे फक्त पॉवरचे कनेक्टर आपसांत बदलले, डेटा केबल जागेवर ठेवल्या. पुढच्या स्क्रबला पहिली डिस्क पळाली. संपलं.

स्प्लिटर मोल्डेड होता, म्हणजे तारांवर प्लास्टिक थेट ओतून बंद केलेला. एका फाट्यावरच्या पिनेभोवती तपकिरी वलय, आणि मोलेक्सच्या मादी पिनेचं तोंड फाकलेलं. पकड सैल, त्यात पावसाळ्यातल्या दमट हवेने काळवंडलेला संपर्क. गाणं वाजताना डिस्क जवळजवळ निवांत असते: सीडी दर्जाचा प्रवाह १,४११ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ०.१८ एमबीसुद्धा नाही. स्क्रबमध्ये हेड सतत धावतात, १२ व्होल्टवरचा प्रवाह वरखाली होतो, सैल जागा तापते, विरोध वाढतो आणि व्होल्टेज पडतं. म्हणूनच हा दोष ऐकताना कधीच दिसला नाही.

मल्टिमीटरने बघायचं तर मर्यादा अशा: १२ व्होल्टला ११.४ ते १२.६, ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५. साधं मीटर क्षणिक घसरण पकडत नाही, मिन-मॅक्स असलेलंच लावा. मोल्डेड स्प्लिटर तर स्वस्त म्हणूनसुद्धा घेऊ नका. आत पिना जवळ सरकून शॉर्ट झाल्याची आणि जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. मागचं झाकण निघतं आणि आत तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेल्या दिसतात तसा घ्या, तार १८ गेजची. साटाच्या एका कनेक्टरवरून फाटे काढत असाल तर हिशोब असा: प्रत्येक पिनेला १.५ अँपिअर, १२ व्होल्टच्या तीन पिना, एकूण ४.५. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. दोन कशाबशा बसतात, तिसरी नाही.

अजून एक: मिररच्या दोन्ही डिस्क एकाच स्प्लिटरवर ठेवायच्या नाहीत. स्प्लिटर गेला की मिररही गेला. आता प्रत्येक मिररची एक डिस्क थेट कनेक्टरवर आणि एक स्प्लिटरवर आहे. झेडएफएस डिस्क आपल्या लेबलवरून ओळखतं, त्यामुळे प्लग बदलल्याने पुलाला फरक पडत नाही.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी हेच दोन आकडे कामाचे. पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूर बाजूला लाईट कशी येते-जाते ते सांगायला नको. १२ आणि १९२ सगळ्या डिस्कवर एकदम वाढले आणि अपटाइमही शून्यावर आला, तर स्प्लिटर निर्दोष, इन्व्हर्टर बघा. पॉवर सप्लाय पूर्ण भारावर वीज गेल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. मागचा खटका यूपीएस मोडवर टाका. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मध्ये छोटा यूपीएस ठेवूनही समाधान नाही, तो इन्व्हर्टरची वीज नाकारून बॅटरी रिकामी करत बसण्याची शक्यता. तिथे साइन वेव्हच पाहिजे.

इथवर लिहिताना वाटलं, स्प्लिटर बदलायचा तरी कशाला? थेट कनेक्टर दोन आहेत. ४ टीबीच्या चार डिस्कच्या दोन मिररमध्ये वापरायला मिळतात ८ टीबी. ८ टीबीच्या दोन डिस्कच्या एका मिररमध्येही ८ टीबीच. स्प्लिटर शून्य, उष्णता आणि आवाज निम्मा, आणि सुटलेल्या चार डिस्कवर कपाटात ठेवायच्या दोन प्रती. बेत बदलला. नवा स्प्लिटर फक्त स्थलांतर होईपर्यंत.

८ टीबी पुरतात. सीडीचा फ्लॅक (दर्जा न गमावता आकसवलेली फाइल) तासाला ३०० ते ४०० एमबी. जागा खाते ती कॅसेट: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर सी-६० ची कच्ची वेव्ह फाइल २ जीबी, आणि टेपच्या खरखरीमुळे फ्लॅक करूनही फार आकसत नाही. धारवाड आकाशवाणीवरून घरोघरी टेप केलेलं मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे माहीत आहे.

कुठली डिस्क? ५,६४० आरपीएमची रेड प्लस हे पहिलं मत. ७,२०० चा संगीताला काडीचा उपयोग नाही, फक्त घरघर जास्त. एनएएसची डिस्क बेळगावात दुकानात तयार मिळेलच असं नाही. पुणे किंवा बंगळुरूहून मागवावी लागते, आणि बबलरॅपच्या एका थरात आलेली डिस्क न उघडता परत करावी. उलट सीसीटीव्हीवाल्यांमुळे डब्ल्यूडीच्या पर्पल आणि सीगेटच्या स्कायहॉक सहज मिळतात. तक्त्यात सीएमआर असेल तर त्या चालतात. 'त्या चुका गिळतात' ही भीती डीव्हीआरच्या (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राच्या) स्ट्रीमिंग कमांडपुरती. लिनक्स त्या कमांड वापरत नाही. एक्स्टर्नल फोडून डिस्क काढणार असाल तर पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेप लावायची तयारी ठेवा. काही डिस्क तिथे ३.३ व्होल्ट आले की फिरतच नाहीत. मोलेक्सवरून ३.३ येत नाही, म्हणून स्प्लिटरवर चालणारी डिस्क थेट कनेक्टरवर मेल्यासारखी वाटते.

'नवी' म्हणून आलेली सीगेट नवीच आहे का, तेही बघा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या एक्सॉस डिस्क तास शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टमॉनटूल्स ७.४ पासून फार्म लॉग (सीगेट डिस्कची स्वतःची आतली नोंद) वाचता येतो. त्यातले तास आणि स्मार्टचे तास जुळले पाहिजेत.

मग बॅडब्लॉक्स, म्हणजे अख्खी डिस्क लिहून-वाचून घेतलेली चाचणी. ८ टीबीला ब्लॉक ४०९६ चा द्या, नेहमीच्या १०२४ वर ते सुरूच होत नाही. चारही पॅटर्न म्हणजे चारदा लेखन, चारदा वाचन. सरासरी १६० एमबीने एक फेरी १४ तासांची, एकूण साडेचार दिवस. लाईटच्या भरवशावर एवढं नको, एकाच पॅटर्नवर २८ तासांत भागवा.

स्थलांतराचा क्रम: पहिली ८ टीबी स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या डॉकवर, त्यावर नवा पूल, आर-सिंक या कॉपीच्या प्रोग्रामने सगळं त्यावर, स्क्रब. मग जुन्या चारही काढून ती आत, दुसरी ८ टीबी अटॅच करून मिरर, रिसिल्व्हर, पुन्हा स्क्रब, आणि शेवटी सगळ्या फ्लॅकवर फ्लॅकचीच चाचणी. त्यात प्रत्येक फाइलमधला एमडी-५ (मूळ आवाजाचा पडताळणीचा आकडा) तपासला जातो.

नवा पूल बनतोय तर नॉर्मलायझेशन फॉर्म-सी (फाइलच्या नावांतली सुटी आणि जोडलेली अक्षरं एकच धरण्याची सेटिंग) आत्ताच चालू करा. ही सेटिंग नंतर बदलता येत नाही, आणि झेडएफएस सेंड-रिसीव्ह केलं तर जुनीच येते, म्हणून कॉपी आर-सिंकने. जुन्या मॅकच्या एचएफएस-प्लस फाइल सिस्टिमवरून आलेल्या नावांत 'ऱ' हा र आणि नुक्ता असा सुटा असतो, कन्नड नावांत दीर्घ वेलांट्या सुट्या. दिसायला नाव तेच, आर-सिंकला मात्र वेगळं, आणि कन्नड वचनांचा अख्खा फोल्डर दोनदा येतो. मॅकवरून कॉपी करताना आर-सिंकला आयकॉन्व्ह या पर्यायात 'यूटीएफ-८-मॅक' सांगा, आधीच दोनदा आलेल्यांवर कॉन्व्हएमव्ही (नावं बदलणारा प्रोग्राम) चालवा, आणि हे नव्या पुलावर कॉपी करण्याच्या आधी.