"डॉक्टर कधी येणार?"

ओपीडीत अर्धा तास मी एका काकांचा खांदा तपासत होते. हात पुढून आणि बाजूने किती वर जातो ते गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने) मोजलं, पाठीमागे कुठवर पोचतो ते पाहिलं, शुगर आहे का विचारलं (मधुमेह असलेल्यांचा खांदा जास्त वेळा जाम होतो), सगळं कागदावर उतरवलं. काकांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "बरं, डॉक्टर कधी येणार?"

इंटर्नशिपचा तो तिसरा दिवस. बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, चार वर्षं संपली होती, आता फक्त सहा महिने काढायचे होते. काकांचं तरी काय चुकलं? माझं प्रत्येक वाक्य प्रश्न होऊनच बाहेर पडायचं. "हात वर कराल का? जमेल का? सोडायचं का?" फायनलच्या व्हायवातही (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, दोनदा "जरा मोठ्यानं" म्हणाले होते. अभ्यास कमी पडतोय असं समजून मी रात्री परत पुस्तकं उघडायचे. त्यानं झोप तेवढी गेली.

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागातल्या, पोस्टिंगला एक आजी भेटल्या. गुडघ्याचा सांधा बदललेला, म्हणजे आमच्या भाषेत टीकेआर (टोटल नी रिप्लेसमेंट). मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य मराठीत करून म्हटलं, "आजी, मांडीचा स्नायू आकुंचित करा." आजींनी डोळे मिटले, दात आवळले, श्वास धरला आणि मांडी सोडून बाकी सगळं घट्ट केलं. शेजारी उभी असलेली सीनियर हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं टॉवेलची गुंडाळी करून आजींच्या गुडघ्याखाली सरकवली. "आजी, हा टॉवेल गादीत दाबा. मोठ्यानं दहा मोजा." मोठ्यानं मोजताना श्वास कोंडता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आजी सातावरून थेट दहावर उडी मारायच्या, पण मांडी मस्त घट्ट व्हायची.

त्या दिवसापासून मी एका छोट्या डायरीत वाक्यं लिहायला लागले. व्यायाम पुस्तकातलेच, वाक्यं पेशंटच्या तोंडची. 'टाच गादीवरून घासत ढुंगणाकडे आणा.' 'पाय काठीसारखा ठेवून उचला.' मणक्यात 'गॅप' पडली म्हणणाऱ्याला आधी गॅप म्हणजे काय वाटतं ते विचारा. बोलायचं काय ते ठरलेलं असलं की आवाज आपोआप स्थिर होतो. वाक्यांच्या शेवटची प्रश्नचिन्हं तिथेच गळायला लागली.

न्यूरोच्या पोस्टिंगमध्ये मात्र मी सणकून आपटले. अर्धांगवायूचा झटका आलेले एक गृहस्थ आठ दिवस पडूनच होते. मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, छान बसले. भोवती बायको, मुलगा, मेहुणा. "उभं करून बघा ना मॅडम." मॅडम हा शब्द नवीन होता, चढला. मी उभं केलं. दहा-पंधरा सेकंदांत त्यांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, गुडघे गेले. सीनियरनं धावत येऊन आपल्या गुडघ्यानं त्यांचा गुडघा अडवला आणि दोघींनी मिळून त्यांना आडवं केलं. इजा काही झाली नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "उठवायच्या आधी बीपी किती होतं?"

मी घेतलंच नव्हतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० नं किंवा खालचं १० नं उतरलं तर त्याला काय म्हणतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. मार्कही मिळाले होते.

दोन दिवस मी वॉर्डच्या दारातून आत जायला घाबरत होते. त्यानंतर एक क्रम ठरवला तो आजतागायत मोडलेला नाही. आडवं असताना बीपी, बसवून बीपी, पाय खाली सोडून घोटे हलवायला लावणं, "डोळ्यापुढे अंधारी येतेय?" असं स्पष्ट विचारणं, मगच उभं करणं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका नातेवाइकानं तोच आग्रह धरला. मी आकडा बघून म्हटलं, "आज नाही. उद्या बघू." तो गप्प बसला. मलाच नवल वाटलं.

मोठ्यानं बोलणं मात्र ठरवून झालं नाही. एका सकाळी वॉर्डातले मामा पेशंटला लुळ्या हाताला धरून वर ओढत होते. त्या बाजूच्या स्नायूंचा आधार गेलेला असतो, खांदा खोबणीतून खाली लोंबतो, ओढला की दुखणं कायमचं मागे लागू शकतं. "मामा, हात सोडा!" सगळा वॉर्ड वळला. मामांना राग आला असणार, वीस वर्षं ते पेशंट उचलताहेत. मी पाठीमागून खांद्याच्या फऱ्याखाली हात कसा घालायचा ते दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला तसाच घातला.

आयसीयूत अजून पोटात गोळा येतो. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की मी आधी सिस्टरकडे बघते.

त्या आजींचा डिस्चार्ज झाला तेव्हा गुडघा ९५ अंश वाकत होता. खुर्चीतून उठण्यापुरता पुरे. त्यांनी विचारलं, "मांडी घालून कधी बसू?" आधीची मी काहीतरी गोलमाल बोलले असते. "मला नक्की सांगता येणार नाही आजी, सरांना विचारून येते." सरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, स्वयंपाकही ओट्यापाशी उभ्यानं.

"ओटा कुठाय आमच्यात?" आजी म्हणाल्या.

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि डायरी उघडली. "चूल कुठं आहे, दार कुठं आहे, ते सांगा आधी."